डावा कोपरा

शनिवारी रात्री, कुणी नसताना,
यंत्राने स्वतःला परस्पर बदलून घेतलं.
सोमवारी पहाटे पावणेपाचला दोरिंदाने
लिलावघराचं दार ढकललं, दिवा लावला,
ओले बूट खुर्चीखाली सारले,
आणि तिचा हात सवयीने
पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला.
तिथे काही नव्हतं.

पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तसा तो बाण तिथेच घुटमळत राहिला
सकाळभर.

मी वजनकाट्यावर. माझं काम सोपं:
टोपली ठेव, आकडा ओरड, टोपली उचल.
"ऑक्टोपस, अठरा किलो चारशे!"
काचेमागून उत्तर, "थांब रे अगुस्तीन,
मी अजून हवामानात अडकल्येय."
खरंच, गालिसियाच्या आमच्या बंदरात
बाहेर धुकं दाटलेलं
आणि तिच्या पडद्यावर, न मागता,
पिवळाधमक सूर्य.

बर्फ वितळत होता. गिऱ्हाइकं हातावर फुंकर मारत होती.
नोवा एस्त्रेलाचा तांडेल म्हणाला,
"नवा बूटही चावतो पहिले चार दिवस."
"बूट," दोरिंदा म्हणाली,
"निदान आपण दुकानात जाऊन घेतो."

दहाच्या सुमारास कोरुन्याहून उशिया आली,
चोविशीची पोर, खांद्यावर पिशवी.
दोन टिचक्यांत तिने सगळं
मधल्या रांगेतून डावीकडे आणून ठेवलं.
"काहीच गेलं नाहीये हो, फक्त जागा बदलल्यात."
मांडणीवरचे डबे हलवणारी माणसं
नेमकं हेच म्हणतात.
"अजून काही सापडत नाहीये?"
दोरिंदा म्हणाली, "नाही."

मला ठाऊक होतं.
नऊ वर्षं रोज,
सान्ता रीताची नोंद करायला तिने दोन अक्षरं दाबली
की यंत्र आधी पुढे करायचं: सान्ता बाया.
ब आधी, र नंतर, एवढंच त्याचं गणित.
सान्ता बाया मार्चमध्ये गेली होती.
परत आली एक फळी
आणि थंडपेटीचं झाकण.
तिघे होते, त्यांतला शुर्शो दोरिंदाचा धाकटा.
यादीतून नाव कमी करायचा कागद
वरून तीनदा आला. ती म्हणायची, उद्या बघते.
आणि रोज एक कळ दाबून
भावाची होडी बाजूला करायची.
त्या कळीवरची अक्षरं कधीच पुसून गेलीत.

सोमवारी तिने दोन अक्षरं दाबली
आणि यंत्राने लगेच, तत्परतेने,
सान्ता रीता समोर ठेवली.

टोपल्यांची रांग दारापर्यंत गेली होती.
मी आकडा पुन्हा ओरडलो नाही.
काचेतून दिसलं, ती दोन बोटांनी
एकेक अक्षर टिपत होती, पोस्टातल्या म्हातारीसारखी,
मग वाचलं,
मग पुसलं.
"हं. किती म्हणालास?"

मंगळवारी पुन्हा धुकं.
उशिया गेलेली, सूर्य तसाच पिवळा.
"सान्ता रीता! खेकडे, एकतीस किलो!"
काचेमागे दोन अक्षरं वाजली.
मग थोडा वेळ काहीच नाही.
मग कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यातली
ती एक कळ. तिचा आवाज मी ओळखतो.

"एकतीस," दोरिंदा म्हणाली. "पुढची आण."