अडतीस मिलिलिटर

मार्च संपता संपता रसवंतीवाल्यांकडून
संत्र्याच्या सालींची दोन पोती आली.
ऑटोवाला म्हणाला, कॉलेजात साली कोण खाते जी?

बॉयलर पेटला.
डोमाजी नंदेश्वर, आमच्या प्रयोगशाळेचे परिचर,
वाफ कुठवर चढली ते नळीला उलटा हात लावून सांगतात.
एकतीस वर्षांत थर्मामीटर फुटले किती, ते मोजलेलं नाही;
हात तोच आहे.

शेजारच्या टेबलावर यंदा नवे पाहुणे, चार संगणक.
मी मीटिंगमध्ये विरोध केला होता, तेही लिहून ठेवतो.
पोरांनी आधी व्हॉल्व्ह फिरवावा, म्हणालो,
पडद्यावर गॅस्केट गळत नाही,
असं बरंच काही.
कुणी मान हलवली नाही. चहा आला.

तर अल्फिया आणि प्रज्वल ठवरे यांनी
समीकरणं मांडली, सालींचं वजन घातलं, वाफेचा दर घातला.
पडद्यावर एक गुळगुळीत रेघ वर चढली
आणि म्हणाली : शंभर मिलिलिटर तेल.

मोजपात्रात बासष्ट.

माझ्या काळी इथे आम्ही आकडे शिजवायचो.
बासष्टचे ब्याण्णव करायचे,
उरलेल्या आठांसमोर लिहायचं ‘मानवी चूक’,
आणि तो मानव कोण, हे कोणीही विचारायचं नाही.
ती जर्नलं अजून कपाटात आहेत.
अक्षर सुंदर आहे.

प्रज्वलची पेन्सिल बासष्टपाशी थांबली.
मी पाहत होतो. बोललो नाही.
अल्फियाने विचारलं, मग अडतीस गेले कुठे?

डोमाजी कंडेन्सर पुसत होते, मान वर न करता म्हणाले,
‘सकाळपासून अख्ख्या लॅबमंदी संत्र्याचा वास येऊन रायला,
थेच तुमचं तेल हाय ना बाप्पा.
तुमच्या कम्प्युटरले नाक नाही काय?’

आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.
खरंच, अडतीस मिलिलिटर
पंख्याखाली फिरत होते, बाहीत, केसांत,
खिडकीतून अमरावती रोडकडे निघाले होते.

मग पोरं गच्चीवर धावली.
काळी सिंटेक्स टाकी, दुपारचे अडीच,
नळाचं पाणी एक्केचाळीस अंश.
रेघेनं ते पंचवीस धरलं होतं.
पुस्तक ज्या गावात लिहिलं गेलं
तिथे बहुधा दुपार होत नसावी.

कंडेन्सर उघडला. आत क्षाराचा पांढरा थर,
डोमाजींनी नखानं खरवडून दाखवला,
किती जाड, ते त्यांनी पोस्टकार्डाच्या मापात सांगितलं
आणि अल्फियाने ते मिलिमीटरमध्ये टाकलं.

रेघ खाली उतरली.
एखादा शिष्ट पाहुणा
कोट काढून सतरंजीवर बसावा तशी.
एकाहत्तर, म्हणाली.

नऊ अजून बाकी आहेत.
प्रज्वलचा संशय गॅस्केटवर,
अल्फियाचा ओल्या सालींवर,
डोमाजींचा माझ्यावर,
कारण झाकण बसवायला त्या दिवशी मी मदत केली होती.

अहवालात त्या दोघांनी ‘मानवी चूक’ लिहिलेलं नाही.
‘नऊ मि.लि., शोध चालू’ असं लिहिलंय,
आणि खाली, सहकार्य : डो. ना. नंदेश्वर (नाक).
मी तो कंस खोडणार होतो.

राहू दिला.
घरी गेलो तर बायको म्हणाली,
संत्री खाल्लीत, आणि आणली नाहीत?