फटीचं माप

जेल गार असतं, हे आधी सांगायचं असतं.
मी विसरते.
उल्हास मांद्रेकर दचकतात, आणि दचकताना
फक्त उजवा खांदा वर जातो.
डावा जागच्या जागी, लोंबता.

"सोनोग्राफी?" पहिल्या दिवशी बायकोकडे बघत म्हणाले होते,
"ह्या वयात? मुलगा की मुलगी?"
अक्षरं ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सांडली,
विनोद मात्र धड पोचला.

पडद्यावर राखाडी गाळ,
ओहोटीतल्या खाजणासारखा.
त्यात दोन पांढरे काठ:
वर खांद्याच्या हाडाचं टोक, खाली दंडाचं डोकं.
मधे काळोख.
मी एका काठावर खूण ठेवते, मग दुसऱ्यावर,
यंत्र तुटक रेघ ओढतं:
एकोणीस पूर्णांक चार मिलिमीटर.
शाबूत खांद्यात अकरा.

मग ग्रेटा फुर्तादो आत येते, मी पॅसेजमध्ये.
तिनं माझा आकडा बघायचा नाही, मी तिचा,
चौथीच्या परीक्षेत मधे पुठ्ठा ठेवायचे तसं.
अठरा पूर्णांक एक.
पुन्हा मी: एकोणीस.
पुन्हा ती: अठरा पूर्णांक सहा.

खांदा तोच. बांबोळीची दुपार तीच.
ती प्रोब जरा दाबून धरते, मी अलगद.
शिवाय कोपराखालची हिरवी उशी त्या दिवशी धुवायला गेली होती,
आम्ही टॉवेलची घडी ठेवली.
अर्धा मिलिमीटर टॉवेलचा असेल.

सर तक्ता बघून खूश: जुळतंय, छान जुळतंय,
लिहून टाका, विश्वासार्ह.
मी लिहिलं.
लिहिताना पेन जरा अडखळलं, एवढंच.

ललितावतीबाईंनी आमच्याही आधी देवाला कौल लावला होता.
उजवी पाकळी पडली, म्हणाल्या,
हात येणार.
मी सहज विचारलं, दोनदा लावून बघितलात का?
त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली
की मी जेलची बाटली उगाच पुसत राहिले.
"देवाला दोनदा विचारत नाहीत गो, बाय."

उल्हासबाब चोडणच्या फेरीबोटीवर अठ्ठावीस वर्षं.
दोर त्यांच्या हातात, डोळा फटीवर:
इथे बोटीची फळी, तिथे धक्का,
मधे मांडवीचं तपकिरी पाणी वर खाली.
स्कूटरवाले आधीच एक्सिलेटर पिळत बसलेले.
हे हात वर करून ओरडायचे, "राव रे!"
मग हात खाली. मग जा.
"एकदाच चुकलो. कुडतरकर मास्तरांची स्कूटर,
पुढचं चाक फटीत.
मास्तर आठ महिने बोलले नाहीत."
थोडं थांबून:
"फट मोजायची नसते. फट चालू असते.
तू मोजेस्तोवर ती दुसरीच होते."
हे वाक्य प्रबंधात कुठे घालायचं, मला कळलं नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा तेच टेबल, हिरवी उशी परत आलेली.
ह्या वेळी मी जेल आधी तळहातावर चोळून घेतलं.
अठरा पूर्णांक दोन.
बाईंना आकडे वाचता येतात.
"कमी झालं! एकापेक्षा जास्त!"

आमच्याच तक्त्यात, आमच्याच हस्ताक्षरात लिहिलंय:
दोनच्या आतलं काही खरं धरायचं नाही.
ती फट हाडांमधली नसेल,
माझ्या मनगटातली असेल, ग्रेटाच्या अंगठ्यातली,
उशीतल्या कापसातली.
आणि असेलही हाडांमधली.
तक्ता नाही म्हणत नाही,
एवढंच म्हणतो की त्याला दिसत नाही.

मी तोंड उघडलं.
बाई पाकळीकडे बघावं तशा पडद्याकडे बघत होत्या.
तेवढ्यात उल्हासबाबांनी उजवा हात वर केला, पंजा पसरून,
बायकोकडे की माझ्याकडे, सांगता येत नव्हतं.
"राव गे," म्हणाले,
आणि ह्या वेळी अक्षरं सांडली नाहीत,
निदान मला तसं ऐकू आलं.

ग्रेटा बाहेर होती.
तिला विचारायला हवं होतं.