चौदाव्या अडथळ्यापाशी

सकाळचे सव्वासात. ओकमच्या बाहेर,
मेंढ्या हलवून मोकळ्या केलेल्या कुरणात
आम्ही अठ्ठावीस जण कुत्र्यांशिवाय धावतोय.
रिकाम्या हवेला हात दाखवतोय,
वळताना मागे बघतोय, येतंय ना कुणी?
कुणीच नाही.
कुंपणापलीकडे एक ट्रॅक्टर वेग कमी करतो.
चालवणाऱ्याला काय वाटतंय ते ठाऊक आहे,
माझ्या नवऱ्यालाही पहिली दोन वर्षं तेच वाटायचं.

आठ मिनिटं मिळतात मार्ग अंगात उतरवायला.
पाठ करायचा तो डोक्यानं नाही.
घोट्यानं, कमरेनं,
आणि उजव्या गुडघ्याची परवानगी काढून,
जो गेल्या नोव्हेंबरपासून माझ्याशी नीट बोलत नाही.

चौदावा, लाल बोगदा.
त्याचं एक तोंड आपल्याला हवं, दुसरं ठेवलंय मोहात पाडायला.
एकोणसत्तर वर्षांची ग्लेनिस तिथे तीनदा उभी राहिली,
छत्री काखेत, आणि म्हणाली,
"परीक्षक आज घरून भांडून आलाय."

मोहरी गाडीत आहे, पिंजऱ्यात, ओल्या टॉवेलवर.
काळी, बारीक, सदा तडतडणारी स्पॅनियल.
विगस्टनच्या आश्रयघरातून आणली
तेव्हा तिची दोन घरं होऊन गेली होती.
नाव मी ठेवलं. लाउडस्पीकर तिला मॉरी म्हणतो.
ती दोन्हींना शेपूट हलवते.
नावाच्या बाबतीत माझ्याहून समजूतदार.

तिला येणारे शब्द सहा:
डावं, उजवं, पुढं, थांब, ये,
आणि एक शिवी, जी तिला लाड वाटते.

आमचा नंबर. पट्टा सुटतो.
थांब म्हणते. ती थांबते,
म्हणजे फक्त पाय थांबतात.

पुढं!

उतरत्या फळीच्या शेवटी पिवळा पट्टा,
त्यात एक तरी नख टेकावं लागतं. टेकलं.
परीक्षकाचा हात खालीच.
बारा काठ्यांतून ती अशी गेली
जसा घाईत घातलेला, तरी सरळ आलेला धावदोरा.
आणि मी, त्रेपन्न वर्षांची,
औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी,
मीसुद्धा धावत होते बरं का. माझ्यासारखी नव्हते.

चौदावा.
तोंडानं म्हटलं, डावं.
स्वच्छ, ठणठणीत डावं.
पण गुडघा घाबरला
आणि उजवा खांदा इंचभर वळला.

ती शब्द ऐकत नाही हो. ती खांदा वाचते.
शब्द नंतर, फावल्या वेळात.
गेली चुकीच्या तोंडात, तसूभर शंका न घेता.
परीक्षकाचे दोन्ही हात डोक्यावर. फुली.

बोगद्यात ती होती साधारण एक सेकंद.
त्या एका सेकंदात मी बाद झाले होते
आणि ती नव्हती.

बाहेर आली ती जिंकून.
राहिलेले सहा अडथळे आम्ही तसेच घेतले,
वेळ कुणी मोजत नसताना.
कदाचित तेव्हाच सगळ्यात जोरात.

मुलगी अबर्डीनला निघाली, तेव्हा फलाटावर
मी म्हणाले होते, जा, खुशाल जा.
तिनं एक गाडी सोडली. मग दुसरी.
मला वाटलं, सामान जड असेल.

आता गाडीच्या मागच्या दारात बसून
मोहरीच्या कानातलं कुसळ काढतेय.
चीज संपलं. गुडघ्यावर बर्फ.
ग्लेनिस जाता जाता म्हणते, दाखव तो कुणाला तरी,
मी म्हणते, हो, सोमवारीच दाखवते.

मोहरी मान वर करते.
माझ्या तोंडाकडे बघत नाही.