टक्के

बाबांना पंचेचाळीस टक्के मिळाले.
फुप्फुसांचे तीस, डोळ्यांचे दहा,
कातडीचे पाच.
कार्डावर फोटो, फोटोवर अर्धा शिक्का,
शिक्क्याखाली नाव : फरामर्ज.

आईचा अर्ज परत आला.
रश्तच्या दप्तरात, तिसऱ्या मजल्यावर
(लिफ्ट बंद. दर वळणाला ती पायरीवर बसली,
पिशवीतून पंप काढला, ओढला, उठली)
एका पोरसवदा डॉक्टरने अदबीने विचारलं,
"खालाजान, तुम्ही कुठल्या आघाडीवर होता?"

आई म्हणाली, "मोरीवर."

तो हसला नाही, एवढं त्याचं सौजन्य.
रकान्यात मात्र आडवी रेघ ओढली.
टक्के बाबांना, टोणपे आईला.

मी तेव्हा तिच्या पोटात, सहा महिन्यांची.
म्हणजे हे सगळं ऐकीव,
आणि तेही तुकड्यातुकड्यांत,
कारण आमच्या घरात कुठलीच गोष्ट
एका दमात सांगून होत नाही.

नवरोजला अकरा दिवस होते.
गल्लीभर गालिचे वाळत होते.
बाबा रजेवर आले, डोळे चोळत;
म्हणाले, वाटेत धूळ फार.
कॅनव्हासची पिशवी दारातच टाकून झोपले.
आईने वर्दी, बंडी, मोज्यांचे दोन जोड
पत्र्याच्या टबात भिजत घातले.
त्याच पाण्यात माझ्यासाठी शिवलेली दोन झबली.
पाणी कशाला वाया घालवायचं.

लसणासारखा वास आला, म्हणते.
पण गिलानच्या बाईला लसणाचं काय अप्रूप?
आमच्याकडे तो सिरक्यात सात-सात वर्षं मुरतो,
काळा पडतो, गोडसर होतो,
पाहुण्याला वाढताना आधी त्याचं वय सांगतात.
तिला वाटलं, तिकडे भटारखान्यात
कुणी आपल्याच गावचा असणार.
तिला बरं वाटलं.
कॉलर तिने जरा जास्तच चोळली.

रात्री बोटांवर फोड.
शेजारची महलका म्हणाली, साबण कडक असेल.

साबण.
पुढची कितीतरी वर्षं आम्ही साबण बदलत राहिलो.

माझ्यानंतर दोन नावं ठरली होती,
ती कुणाला लागली नाहीत.
माझा खोकला कुठल्या रकान्यात बसत नाही.
डॉक्टर म्हणतात, इथली हवाच ओली.
म्हणतात, तुमच्याबाबत पुरावा नाही.
खोटं नाही बोलत ते.
पुरावा आईने तीन पाण्यांतून खळबळून काढला होता,
पिळून, झटकून
उन्हात दोरीवर घातला होता.

तेव्हापासून बाबा आपले कपडे आपणच धुतात.
मशीन आलं तरी.
हात लावू देत नाहीत, कारण सांगत नाहीत.
रात्री दोघं पाठीला पाठ टेकून बसतात,
आडवं झालं की छाती मिटते.
भिंतीपलीकडून मला कळतं कोण आहे :
बाबांचा कोरडा, कुणी कडी वाजवावी तसा;
आईचा आधी थांबतो, माफी मागतो, मग येतो.

रश्तहून परतलो तेव्हा त्यांनी चहा टाकलेला होता.
"किती?" त्यांनी विचारलं.
"शून्य," आई म्हणाली. "तुझ्यातले दे थोडे."
ते उठले, फडताळातलं कार्ड काढलं,
तबकात ठेवलं, दोन पेल्यांच्या मधे.
"घे. निम्मे."
"साडेबावीस," मी म्हटलं, काहीतरी म्हणायचं म्हणून.
आई हसली, आणि हसण्यातून ते सुरू झालं,
आणि आम्ही दोघं पेले हातात धरून
ते संपायची वाट पाहत राहिलो.
चहा निवला. तो तसाच प्यायलो.

माझ्या लेकीचे कपडे मी वेगळे धुते.
पाच वर्षांची आहे, परवा तिने विचारलं,
कशापासून वेगळे?
मी नळ सोडला, मोठा,
आणि तिची झालर पाण्याखाली धरून
नाकाशी नेली.