टाका कापड खातो

रविवार पेठेत, बटणांच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं
की जुमानाबेन शिकवतात:
सगळी गोधडी एकदम अंथरायची नाही.
एक चौकोन घे. खाली अस्तर, मध्ये कापूस, वर तुझं कापड.
तेवढाच शिव. तेवढाच पुरा कर.
मग दुसरा.

मला हे पटायला दोन मंगळवार लागले.
आमच्याकडे भोरला गोधडी म्हणजे अख्खं अंगण,
चार कोपऱ्यांना चार बायका, ताणून धरलेली लुगडी,
कडेकडेनं आत सरकणारा दोरा
आणि मधोमध कुणाच्या तरी सुनेचा विषय.
इथे धनकवडीत एक खोली:
कॉट, कपाट, सासऱ्यांची व्हीलचेअर.
अंथरू कुठे?

वेळही तसाच. अर्धी पाळी सकाळी, अर्धी संध्याकाळी,
मधले चार तास ना घरचे ना डेपोचे.
कात्रजला विश्रांतिकक्षातल्या बाकावर
तिकिटाच्या पिशवीतून मी चौकोन काढते.
खाकी तुकडा जुन्या गणवेशाचा,
त्याला लेकीच्या फ्रॉकचं चीट.
ड्रायव्हर ताम्हाणे म्हणतात,
"मॅडम, रुमाल जरा जाडच झालाय."

पहिला चौकोन बारा इंचाचा कापला होता.
शिवून झाला तर साडेअकरा,
एका बाजूनं सव्वाअकरा.
वाटलं, माझंच चुकलं. उसवायला घेतला.
जुमानाबेननी हातातली कात्री काढून घेतली.
"टाका कापड खातो.
आधी खाऊ दे त्याला पोटभर.
मग माप घे, मग काप."

तेव्हापासून तेराचा घेते.
जोडताना पुढून बोटभर पट्टी, मागूनही बोटभर;
पुढची मशीनवर, मागची हातानं, लपत्या टाक्यानं.
"मागची नीट घाल," त्या बजावतात,
"अंगाला तीच लागते."

सातवा चौकोन गाडीतच राहिला.
तीन दिवसांनी स्वारगेटला, हरवल्या वस्तूंच्या खिडकीत
चार छत्र्या, एक डबा, कुणाची तरी कवळी
आणि घडी घातलेला माझा चौकोन.
रजिस्टरात नोंद: जाड फडके, अर्धवट शिवलेले, नग १.

घरी येऊन उलगडला.
माझा पांढरा दोरा संपला होता तिथून
कुणीतरी हिरव्यानं दोन ओळी पुढे नेलेल्या.
टाके तांदळाच्या कणीएवढे,
माझ्याहून बारीक,
आणि तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी सुई खोचलेली.

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या मोकाशींना विचारलं.
त्यांनी मान वर केली नाही.
"जसं जमा होतं तसंच देतो आम्ही."
शर्टाचं त्यांचं दुसरं बटण
हिरव्या दोऱ्यानं लावलेलं होतं.

मी काही बोलले नाही. उसवलंही नाही.
तिसरी ओळ घातली त्याच सुईनं, जमेल तेवढी बारीक.
मापलं: सव्वाबारा. कापलं बाराला.
हिरवी ओळ अगदी काठाशी आली,
जेमतेम वाचली.

अजून तेवीस राहिलेत.
झालेले कॉटखाली, साखरेच्या धुतलेल्या पोत्यात, एकावर एक.
रात्री दिवा मालवताना सासरे विचारतात,
"झाली का गं गोधडी?"
"सात झाल्या," मी म्हणते.