दोन टक्के

बारावीचा शेवटचा तास, वीज गेलेली,
आणि शिवोलीचा आल्वितो विचारतो,
"बाई, अणुकेंद्रातलं ते बळ वाढलं तर?
फार नाही. दोनच टक्के."

मी फळ्यावर दोन प्रोटॉन काढले.
आजवर एकमेकांना चुकवत आलेले दोघे.
तेवढ्या दोन टक्क्यांत त्यांचं जमलं असतं.
आमच्या पुस्तकात त्यापुढे एकच ओळ आहे:
हायड्रोजन आरंभीच संपतो. पाणी नाही.
"म्हणजे परीक्षाही नाही," मागचा बाक म्हणाला
आणि घंटा झाली.

आगरवाड्याला उतरले तेव्हा ऊन कललेलं.
मार्चमध्ये बाबा घरी सापडत नाहीत.
पिकोवणीच्या कडेला उकिडवे,
बोट बुडवतात, चाटतात, थुंकतात.
पातळ असलं तर मीठ धरत नाही,
फार वेळ ठेवलं तर कडू होतं,
आणि मधली ती जागा
त्यांच्या जिभेखेरीज कुठे लिहिलेली नाही.

मी त्यांना आल्वितोचा प्रश्न सांगितला.
"कोणी वाढवलं?" त्यांनी विचारलं.
कोणी नाही बाबा, समजा.
"दोन टक्के म्हणजे पन्नासाच्या पोत्यात किलोभर.
तेवढं तर शेवंतीच्या टोपलीतून
बांधावर सांडतं."

मग मी सांगत गेले, ते फळी ओढत राहिले:
की सूर्यातला एक प्रोटॉन
दुसऱ्याशी जुळायला सरासरी
नऊ अब्ज वर्षं थांबतो,
म्हणून सूर्य एवढा पुरवून पुरवून जळतो.
की बळ कमी झालं असतं तर
जुळलेल्यांचेही हात सुटले असते.
की तीन हेलियम ज्या पायरीवर भेटतात
ती पायरी किंचित वरखाली झाली
तर कोळसा नाही, माड नाही,
तुमची जीभ नाही.

"नऊ अब्ज," ते म्हणाले.
तापोवणीतलं पाणी पिकोवणीत सोडायला
ते दहा दिवस थांबतात, आणि त्यातही
रोज सकाळी घाई झालेली असते.

फळी बांधाला टेकवून त्यांनी मानशीकडे बोट केलं.
दार बंद होतं. तरी खाली ओल पसरलेली.
"खेकडो," ते म्हणाले.
"दार लावलं म्हणून पाणी परत जात नाही.
बीळ शोधतं."

रात्री जेवणानंतर मी नवी गणितं काढून बसले.
कुणीतरी बळ खरंच बदलून पाहिलंय, कागदावर,
दोन्ही बाजूंनी, दोन टक्क्यांहून पुष्कळ.
तारे विझत नाहीत.
हायड्रोजनही सगळा संपत नाही.
जोडी जमायची वाट बंद झाली तर तारा आकसतो,
पोटात आणखी तापतो,
दुसऱ्याच कुठल्या तरी आडवाटेने जळू लागतो.
जोडी फार सहज जमली
तर थंड पोटानेच पेटतो, आणि पुष्कळ टिकतो.
पंचवीस वर्षं मी ती एक ओळ शिकवली.

बाहेर आले. वारा पडलेला.
तापोवणीत तारे उतरलेले,
महामार्गाच्या दिव्यांनी अर्धे खाल्लेले,
पलीकडच्या तीन खाजणांत तर कांदळच माजलेलं,
तिथे काहीच उतरत नाही.
कुठल्या तरी जड ताऱ्याने
मरण्याआधी सोडियम शिजवलं,
क्लोरीनही तसंच कुठेतरी,
आणि दोघं शापोऱ्याच्या भरतीबरोबर
आमच्या दारात आली.
बळ वेगळं असतं तर तारे असते.
हे मीठ असतं का, ते गणितात नव्हतं.

सकाळी कागदाच्या पुडीत मूठभर घेतलं,
आल्वितोला दाखवायला.
तो आला नव्हता. पासपोर्टच्या कामाला
म्हापशाला गेला म्हणाले, वडिलांबरोबर.
मी फळ्यावरची कालची ती ओळ पुसली.
खाली काय लिहायचं ते ठरेना.
पुडी टेबलावर ठेवली होती,
तासाभरात तिला पाणी सुटलं.