उशिराची घंटा

एप्रिल सरता सरता आमच्या बेटावर
माणसं हळू बोलायला लागतात.
हातोडे खुंटीला. कुत्री बांधलेली.
दोरीवर लाल कपडा वाळत घालायचा नाही,
पोरांनी शीळ घालायची नाही,
भांडायचंच असेल तर होडी घ्यायची
आणि खाडीपलीकडे जाऊन भांडायचं.

बाळंतिणी यायच्या असतात.

समुद्रावरून येतात त्या, आयडर बदकं,
वाळक्या शेवाळाच्या रंगाच्या.
दोन दिवस काठाशी नुसत्या तरंगतात,
घर नीट लावलंय का, लांबून बघतात.
घरं आम्ही केलेली: चार दगड, वर फळी,
एखादी पालथी होडी, मोडक्या बाकाखालची पोकळी,
आत उन्हात तीनदा उलटून वाळवलेलं समुद्रगवत.
ओल राहिली तर ती पाऊल टाकत नाही,
उंबऱ्यावरूनच वळते. मग वर्षभर
त्या घरधन्याला कुणी काही म्हणत नाही,
पण सगळ्यांना ठाऊक असतं.

नर पांढरेशुभ्र, ऐटबाज;
दारापर्यंत सोडतात आणि चालते होतात.
आमचेही व्हायचे, कॉडच्या मागे, उत्तरेला.
मागे उरायच्या बायका आणि बदकं.
पंचवीस दिवस ती अन्नाला शिवत नाही,
स्वतःच्या छातीची पिसं उपटून
अंड्यांखाली अंथरते.

बोर्गहिल्डकडे एकशे बारा घरं होती.
रोज पहाटे तिची फेरी, अंगात तोच करडा कोट,
कोपरांवर ठिगळं, बत्तीस वर्षं तोच.
लेकीनं बर्गनहून नवा पाठवला, तो कपाटात गेला.
उलट टपाली तिनं कळवलं:
छान आहे, पण त्या मला ओळखणार नाहीत.

एकोणीस मेला ती फेरीहून परतली नाही.
एक्क्याऐंशीव्या घराशी बसलेली सापडली,
मांडीवर सुटलेली फळी,
आणि हातभर अंतरावरची पाहुणी
जागची हलली नव्हती.

चर्चच्या घंटेची दोरी माझ्याकडे.
माणूस गेलं की वयाइतके टोल, असा रिवाज.
बोर्गहिल्डचे एकोणऐंशी.
मी दोरीला हात घातला आणि तसाच उभा राहिलो.
खाली दारात पास्टर, टोपी हातात.
म्हणाले, "हाल्वर, आत्ता वाजवलीस
तर पेटीतून उठून तीच तुला झोडपेल."

म्हणून पेटी वल्ह्यांच्या होडीतून आली,
वल्ह्यांना लोकरीचे मोजे गुंडाळलेले.
स्तोत्र ओठांतल्या ओठांत.
माती फावड्यानं नाही, हातांनी लोटली.
लेक, ओड्नी, टाचांचे बूट काढून
थंड गवतात अनवाणी उभी.

दुसऱ्या पहाटे आईचा कोट घालून ती फेरीला निघाली.
बाह्या बोटांवर येत होत्या.
काही बदकांनी नुसती मान वळवली,
काही उठून गेली.
कोटानं सगळं होत नाही. चालही लागते.
ती चाल ती शिकली, मला वाटतं,
साधारण दहाव्या दिवशी.

जूनअखेर पिल्लं घेऊन बदकं पाण्यात उतरली.
मी मोजत गेलो: एकशे अकरा घरं रिकामी.
तेराव्यात एक उशिराची, अजून बसलेली.
थांबलो. आणखी आठ दिवस थांबलो.
बंदरावरच्या म्हाताऱ्या विचारायच्या, "कशी आहे?"
आणि मला कळायचं नाही
त्या कुणाबद्दल विचारतायत.

जुलैतल्या एका बुधवारी, मासळी उतरवायच्या वेळी,
एकोणऐंशी टोल दिले.
धक्क्यावरच्या एका पर्यटकानं विचारलं, लग्न आहे का?
कुणीतरी हो म्हणालं.

ओड्नी तेव्हा अंगणात
तारांच्या चौकटीवर पिसं झाडत होती.
काड्या, शेवाळाचा चुरा, कवचाचे तुकडे
खाली गळत होते; वर उरत होतं ते
मुठीत धरलं तर वजन लागत नाही,
फक्त हात तापतो.

"मोजलेस का टोल?" मी नंतर विचारलं.
"सुरुवात चुकली," ती म्हणाली,
"चौकट वाजत होती."